घरच्या घरी बाळंतविडा: दुपट्यापासून कुंचीपर्यंत, आणि जोडीला डबाभर नानकटाई

जवळच्या कुणाकडे बाळ येणार म्हटलं की शिवणाऱ्याचे हात शिवशिवायला लागतात. मशीनवरचं कापड निघतं, जुन्या साड्यांची ट्रंक उघडते आणि गाडी तिथेच अडते. काय शिवायचं, किती शिवायचं, कुठल्या मापाचं? दुकानात बाळंतविड्याचे तयार डबे मिळतात आणि त्यात बारा-पंधरा वस्तू असतात. रोज हाताशी लागतात त्या त्यातल्या चार-पाचच. बाकीच्या कपाटात पडून राहतात आणि पुढच्या बारशाला कुणाच्या तरी डोक्यावर जातात.

भाच्यांसाठी, शेजारणींच्या सुनांसाठी शिवता शिवता माझं मत पक्कं झालंय. रोज धुवून, पिळून, दोरीवर टाकून टिकतो तोच कपडा बाळंतिणीच्या कामाचा. त्यामुळे बाळंतविड्यातले बहुतेक कपडे साधे, मऊ आणि झटपट वाळणारे असू द्यावेत. हौस भागवायला कुंची आहेच.

मशीनमध्ये दोरा ओवता येतो आणि सरळ टीप मारता येते, एवढं येत असेल तर पुढचं सगळं जमेल. मशीन नसेल तरी दुपटी आणि गोधडी हातानेच होतात.

१. आधी चौकशी, मग कात्री

साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात सुरुवात केली तर डोहाळजेवणाच्या गडबडीत मशीनवर बसावं लागत नाही. कापड आणायच्या आधी तीन गोष्टी विचारून घ्या.

पहिली, बाळ कुठल्या ऋतूत आणि कुठे वाढणार. मे महिन्यात नागपुरात जन्मणाऱ्या बाळाला फ्लॅनेल देऊन उपयोग नाही. पावसाळ्यात कोकणात असेल तर जाड काहीच नको, दोन दिवस वाळत नाही.

दुसरी, घरातलं आणखी कोण काय आणतंय. बऱ्याच घरांत कुंची आत्याकडून येते. तिचा मान आहे, तिथे आपण घुसू नये. सासरकडून काय आणि माहेरकडून काय, याचीही प्रत्येक घराची रीत वेगळी असते.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. जन्माआधी नवे कपडे घरात आणू नयेत असं मानणारी घरं पुष्कळ आहेत. तिथे वाद घालू नका. शिवून, धुवून आपल्याच घरी ठेवा आणि बारशाला द्या. पहिल्या दिवसांत बाळाला जुन्या कापडात गुंडाळायची जी पद्धत आहे तिच्यात मला तरी शहाणपण दिसतं. शंभर वेळा धुतलेल्या सुती साडीइतकं मऊ कापड कुठल्याच दुकानात मिळत नाही.

मापाचं म्हणाल, तर पूर्ण दिवसांच्या बाळाची छाती साधारण १३ इंच आणि डोक्याचा घेर साडेतेरा ते चौदा इंच असतो. तीन महिन्यांत डोकं १६ इंचांच्या आसपास जातं. म्हणजे अगदी जन्माच्या मापाने शिवलेलं टोपडं महिन्या-दीड महिन्यात बाद. मी सगळं तीन महिन्यांचं माप धरून शिवते. झबलं सुरुवातीला ढगळ दिसलं तरी चालतं, तंग झालेलं मात्र कुणी घालत नाही.

अजून एक हिशेब करा. बाळाची पहिली संक्रांत कधी येते? बोरन्हाणाला काळं झबलं लागतं, त्यावर हलव्याचे दागिने. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही बोरन्हाण करतात आणि ऐन वेळी काळं सुती झबलं शोधायला सगळे धावतात. जन्म जूनमधला असेल तर सहा-सात महिन्यांच्या मापाचं एक काळं झबलं शिवून ठेवा. मात्र बारशाच्या ताटात काळं ठेवलेलं काहींना चालत नाही, ते वेगळं बांधून आईच्या हातात द्या.

२. साहित्य

कापड:
- पांढरी किंवा फिक्या रंगाची मलमल, ४४ इंच पन्ह्याची, १ मीटर. यात तीन झबली बसतात. कशी ते पुढे येईल.
- मऊ झालेल्या तीन जुन्या सुती साड्या. नऊवारी मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण तिची लांबी आठ मीटरच्या वर असते.
- कुंचीसाठी पाऊण मीटर खण आणि तेवढंच मलमलीचं अस्तर.
- जुना सुती पंचा किंवा टॉवेल, लाळेऱ्यांसाठी.

हत्यारं:
- कापडाची कात्री. तिने कागद कापू नका आणि घरातल्यांनाही कापू देऊ नका.
- मशीनच्या ११ नंबरच्या सुया मलमलीसाठी, १४ नंबरच्या खणासाठी.
- हातशिलाईची लांब सुई, अंगुस्तान, टेप, खडू, टाचण्या, उसवणी.
- साधा सुती दोरा, आणि गोधडीसाठी जाड सुती दोरा.
- छोटं लोहचुंबक. याचं काम शेवटी कळेल.

पुण्यात असाल तर तुळशीबाग आणि रविवार पेठेत, मुंबईत मंगळदास मार्केट आणि दादरला हे सगळं एका फेरीत होतं. मलमल घेताना ती मुठीत चुरगाळून सोडा. कडक राहिली तर तिच्यात खळ जास्त आहे, धुतल्यावर ती जाळीसारखी विरळ निघेल. दुकानदार ‘कॉटनच आहे’ म्हणाला तरी कडेचा एक धागा काढून जाळून बघा. सुताचा धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि राख बोटात चुरते. पॉलिएस्टर असेल तर टोकाला कडक गोळी धरते.

लेस, टिकल्या, मणी, घुंगरू, सॅटिनच्या फिती यातलं काहीही झबल्या-दुपट्यांसाठी घेऊ नका. सुटलेली टिकली थेट तोंडात जाते.

३. कापड धुणं: ही पायरी गाळू नका

नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, मीटरला तीन-चार सेंटिमीटर सहज. आधी शिवलं आणि मग धुतलं तर झबल्याची शिवण चुण्या धरते आणि उरेब पट्टी पिळवटते. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी सौम्य साबणाने किंवा रिठ्याच्या पाण्याने धुवा, कडक उन्हात वाळवा, थोडं दमट असतानाच इस्त्री करा.

खणाचा रंग तपासायचाच. ओला पांढरा रुमाल खणावर जोरात घासा. रुमाल रंगला तर दोन-तीनदा वेगळं धुवा, तरीही रंग जात असेल तर तो खण कुंचीला नको, त्याची पिशवी शिवा. मिठाच्या पाण्यात भिजवला की रंग पक्का होतो असं सांगणारे भेटतील. एकदा कापडात बसलेला कच्चा रंग मिठाने पक्का होत नाही.

आता ट्रंकेतल्या साड्यांबद्दल, आणि हे जरा कान देऊन वाचा. त्या साड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या असतात. त्यातलं नॅप्थलीन कापडात मुरतं. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असते, आणि अशा बाळांना या गोळ्यांचा वास लागलेल्या कपड्यांमुळे तांबड्या पेशी फुटून जोराची कावीळ झाल्याचं वैद्यकात नोंदलेलं आहे. कमतरता आहे की नाही हे जन्माआधी आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून गोळ्यांचा वास असलेली साडी बाळासाठी घेऊच नका. रोज वापरातली, दोरीवर वाळणारी साडी घ्या. शिवून झालेले कपडे ठेवतानाही गोळ्या नकोत, कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरे.

४. दुपटी

हात बसायला हे सर्वांत बरं. साडीचा काठ आणि पदराची जर कापून काढा, जर बाळाच्या अंगाला टोचते. मधल्या भागाचे ४० इंचांचे चौकोन पाडा. सहावारीत पाच बसतात. कापड जिथे झिजलंय तिथे उजेडाकडे धरून बघा. बोटं आरपार दिसली तर तो भाग दुपट्याला नको, गोधडीच्या आतल्या थराला चालेल.

उन्हाळ्यासाठी एकेरी दुपटं: चारही कडा दोनदा दुमडून टीप. थंडीसाठी दुहेरी: दोन चौकोन एकमेकांवर ठेवून तीन बाजू आणि चौथीचा थोडा भाग शिवा, उलटवा, उरलेलं तोंड हाताने बंद करा आणि कडेने पुन्हा एक टीप फिरवा. दुहेरीत मधोमध चार-पाच ठिकाणी लहान टाके घातले नाहीत तर धुताना आतला थर गोळा होतो.

किती करायची? सहा एकेरी, दोन दुहेरी. सहा ऐकून हसू नका, बाळाला घरी येऊन आठवडा झाला की आईलाच विचारा.

५. झबलं

पुढून उघडं, बंदाचं झबलं शिवा. डोक्यातून घालायचं झबलं नवख्या आईला नको वाटतं, बाळाची मान सावरत ते काढता-घालताना तिचा जीव वर-खाली होतो.

आधी मीटरभर मलमल बेता. एका झबल्याला १७ बाय २४ इंचांचा तुकडा लागतो. पन्ह्याच्या एका अंगाला २४ इंचांची पट्टी धरा, तिच्यात एकाखाली एक दोन तुकडे बसतात. उरलेल्या अंगाला तिसरा तुकडा उभा बसतो. पहिल्या दोन तुकड्यांचा उभा धागा आडवा येईल, मलमलीत त्याने काही बिघडत नाही.

- तुकडा आधी लांबीत, मग रुंदीत दुमडा. चार पदर होतील. दोन्ही घड्या मिळतात तो कोपरा म्हणजे गळा.
- गळ्याच्या कोपऱ्यापासून खांद्याच्या घडीवर बाहीचं टोक साडेआठ इंचांवर येईल. बाहीची खोली साडेचार इंच.
- मधल्या घडीपासून छातीला साडेपाच इंच. बाही आणि अंग मिळतात तिथे टोकदार कोपरा नको, हलका गोल द्या. तिथेच झबली पहिल्यांदा फाटतात.
- गळा: रुंदी दोन इंच. मागची खोली अर्धा इंच चारही पदरांवर कापा, मग पुढचे दोन पदर वेगळे धरून पुढची खोली दोन इंच करा.
- फक्त पुढचा भाग मधोमध वरून खालपर्यंत उभा कापा. इथे चार पदरांतून कात्री फिरवणारे बरेच असतात, म्हणून आधी घडी मोडून जमिनीवर पसरा आणि मगच कापा.

तयार झबल्याची छाती साधारण २० इंच होते. नव्या बाळाला सैल, चार-पाच महिन्यांच्या बाळाला बेताचं.

आता शिवण. नेहमीच्या कपड्यात शिवणीची जाड कड आत असते. बाळाच्या अंगाला ती घासते, म्हणून ती बाहेर काढायची. मलमलीला उलट-सुलट कळत नाही, तर एका बाजूला खडूने खूण करा आणि तिला सुलट म्हणा. दोन्ही सुलट बाजू आत ठेवून बाही आणि कुशीला अगदी कडेने टीप मारा. कड कापून बारीक करा, झबलं उलटवा, आणि पाव इंचावर दुसरी टीप घाला. कच्ची कड दोन टिपांच्या मध्ये बंद होते आणि उंचवटा बाहेरच्या बाजूला येतो. आतून हात फिरवून बघा, काहीच लागत नाही.

गळा आणि पुढच्या उघड्या कडांना सवा इंचाची उरेब पट्टी लावा. उरेब म्हणजे कापडाच्या कोपऱ्यातून तिरकी कापलेली, ती गळ्याच्या गोलाईला वळते. सरळ कापलेली पट्टी लावली तर गळा उभा राहतो. बाहीची तोंडं आणि खालची कड बारीक दुमडून टाका.

बंद त्याच मलमलीचे, पाच इंचांचे, दोन जोड्या. एक गळ्याखाली, एक पोटावर. त्याहून लांब बंद बाळाच्या बोटांत, मानेत अडकतात. बंद जिथे जोडला तिथे टीप चार वेळा मागे-पुढे फिरवा, कारण मध्यरात्री अर्धवट झोपेत तो ओढला जाणार आहे. बटणं आणि सेफ्टी पिना नकोतच.

मलमल मशीनच्या खालच्या दातांत ओढली जात असेल तर शिवण कापडाच्या कडेला सुरू न करता आधी एका चिंधीवर सुरू करा आणि तिला लागूनच झबलं सरकवा. तरीही चुण्या येत असतील तर खाली वर्तमानपत्र नको, शाई लागते. पांढरा पातळ कागद ठेवून शिवा आणि मग फाडून काढा.

६. टोपडं, लंगोट, लाळेरी

टोपड्याचं फार मनावर घेऊ नका. दोनच पुरेत, मऊ होजिअरीचं जुनं टी-शर्ट कापून केलेलं सगळ्यांत छान बसतं. घेर १५ इंच ठेवा, कापड ताणतं. घरात, झोपेत टोपडं नको, बाळाची उष्णता डोक्यातून बाहेर पडते.

लंगोट म्हणजे जुन्या साडीचे किंवा धोतराचे २४ इंचांचे चौकोन, कडा दुमडलेले. डायपर वापरणाऱ्या घरातही ते खपतात, नाहीतर तोंड पुसायला जातात. लाळेरी टॉवेलच्या कापडाची, मागून बंदाऐवजी चपट्या टिचबटणांची. ती तीन-चार महिन्यांनी लागतात, तेव्हा गळा थोडा मोठा ठेवा.

हातमोजे-पायमोजे विणणार असाल तर आतली बाजू बाहेर काढून सुटे धागे कापा. बारीक बोटाला धागा गुंडाळला गेला तर बाळ रडतं आणि कारण कुणाला सापडत नाही. जाळीच्या नक्षीत बोटं अडकतात, विण घट्ट ठेवा.

७. गोधडी

यात घाई करायची नाही. टीव्ही बघत, गप्पा मारत, दुपारी थोडी-थोडी करत गेलं की महिन्याभरात होते. दोन-तीन जणी मिळून बसल्या तर आणखी छान. आजीने चार ओळी घातल्या, मावशीने चार, तर त्या ओळी नंतर ओळखूही येतात.

माप ३० बाय ४० इंच. पाच थर: वरचा, खालचा आणि मध्ये तीन. एका सहावारी साडीत पाचही थर बसतात. ४० इंच पन्ह्यात धरा आणि लांबीत ३०-३० इंचांवर पाच तुकडे पाडा. वरचा थर ठिगळांचा करायचा असेल तर आजीची नऊवारी, आईची साडी, बाबांचा जुना सदरा असे तुकडे घ्या, पण सगळे सुती आणि साधारण एका जाडीचे. एक जरी सिंथेटिक तुकडा आला तर सुती कापड मऊ होत जातं आणि तो तसाच राहतो.

थर जमिनीवर पसरताना प्रत्येक थर तळहाताने मधून बाहेर सारखा करा. वरचा आणि खालचा थर अर्धा इंच मोठा ठेवून कडा आत दुमडा. मग मोठमोठे कच्चे टाके: आधी मधून उभा, मग मधून आडवा, मग दोन्ही कोपऱ्यांतून तिरके. कच्चे टाके न घालता थेट शिवायला बसलात तर पाच थर पाच दिशांना सरकतात आणि शेवटी एका कोपऱ्याला कापड फुगून राहतं.

आता धावदोरा. कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन असं मध्यापर्यंत यायचं, किंवा सरळ समांतर ओळी घालायच्या. मला पहिली पद्धत आवडते, कडा आधीच पक्क्या होतात. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दोन ओळींत पाऊण ते एक इंच अंतर. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंता. गाठ वर दिसू देऊ नका, सुई आतल्या थरातून घालून हलका हिसका दिला की गाठ आत जाते. टाके वाकडेतिकडे आले तर येऊ देत, पण दोरा घट्ट ओढू नका. ओढला तर कापड आक्रसतं आणि गोधडी पापडासारखी कडक होते.

आणि एक गोष्ट देताना सांगायचीच. आजचे बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळाच्या अंगावर सुटं पांघरूण, भोवती उशा-तक्के ठेवू देत नाहीत, तोंडावर येऊन श्वास कोंडण्याची भीती असते. गोधडी खाली अंथरायला, मांडीवर घ्यायला, जमिनीवर पालथं पडून खेळायला. म्हणूनच मी ती पातळ, पाच थरांचीच करते आणि आत कापूस भरत नाही. मोहरीच्या उशीचंही तेच: घरातल्या मोठ्यांचा आग्रह असेल तर डॉक्टरांना पुढे करा, घरात भांडण नको.

८. कुंची

हौस इथे. खण गुळेदगुड्डचा, बागलकोट जिल्ह्यातला, हातमागावरचा मिळाला तर बघा. काठ दोन बाजूंना आणि मध्ये बारीक बुट्टी, त्यामुळे वेगळं काही लावायची गरजच नाही.

- खण आणि अस्तर दोन्ही १६ बाय २६ इंच कापा. खणाचा काठ चेहऱ्याभोवती येईल असा धरा.
- दोन्ही सुलट बाजू आत ठेवून कडेने शिवा, चार इंचांचं तोंड सोडा, उलटवा, तोंड बंद करा.
- रुंदीत मधोमध दुमडा, म्हणजे आठ बाय सव्वीस. वरची आठ इंचांची कड जोडा. ही शिवण कपाळापासून मागे जाते. मागे निघालेलं टोक आत ढकलून दोन टाके घातले की डोकं गोल दिसतं.
- वरून सात इंचांवर मानेची जागा. तिथे मागे दोन्हीकडे दोन-दोन चुण्या घालून पक्क्या करा. खालचं कापड पाठीवरून पायापर्यंत सुटतं.
- बंद चपटे, सहा इंचांच्या आत.

हनुवटीखाली बंद बांधलेले असतात, म्हणून कुंची फक्त मांडीवर असताना, नाव ठेवताना, फोटोला. पाळण्यात ठेवताना काढायची. हे चिठ्ठीवर लिहून कुंचीलाच टाचा, नाही, टाचू नका, दोऱ्याने बांधा.

ज्यासाठी लोहचुंबक आणलं ते काम आता. शिवताना सुई मोडली तर सगळे तुकडे जुळवून पूर्ण सुई होते का बघा. शिवणकाम संपल्यावर प्रत्येक कपड्यावरून चुंबक फिरवा, टाचण्या मोजून डबीत ठेवा. मग सगळं पुन्हा एकदा धुवा.

९. नानकटाई

बारशाला येणाऱ्यांसाठी पेढे असतातच. नानकटाई असते घरातल्या मोठ्या भावंडासाठी. सगळे बाळाभोवती जमतात आणि चार वर्षांचं दादा-ताई कोपऱ्यात उभं असतं, त्याच्या नावाचा एक वेगळा डबा न्या. बघा मग कोण कोणाला बाळ दाखवायला घेऊन जातं.

पूर्वी मैदा, तूप, साखर घरून घेऊन बेकरीत जायचं आणि पत्र्यांवर भाजून आणायचं. अजूनही काही गावांत करून देतात. घरीही अवघड नाही. साधारण २८ नग होतील असं प्रमाण:

- मैदा २०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, एकत्र चाळून
- घट्ट तूप १५० ग्रॅम
- पिठीसाखर १२५ ग्रॅम
- बेकिंग पावडर पाव चमचा, वेलचीपूड, जायफळ, चिमूटभर मीठ

वाटीने मोजू नका, वजन करा. नानकटाई बिघडते ती बहुतेक वेळा तुपामुळे. तूप पातळ असेल तर ती पसरून पापडी होते. रवाळ गोठलेलं तूप आणि साखर हाताने पाच-सात मिनिटं फेसा, रंग पांढरट आणि पोत हलका झाला पाहिजे. मग पीठ घालून नुसतं गोळा करा. कणकेसारखं मळलंत तर चिवट होईल. गोळा मोडत असेल तर चमचाभर तूप घाला, दूध नको, दुधाने टिकत नाही. गोळे चपटे करून वर बोटाने खळगा, त्यात पिस्त्याचा काप. वीस मिनिटं फ्रिजमध्ये.

ओटीजी असेल तर १६० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवा आणि मधल्या जाळीवर १५ ते १८ मिनिटं भाजा. नसेल तर जाड बुडाची कढई: तळाला मिठाचा थर, त्यावर रिंग, घट्ट झाकण, मध्यम आचेवर दहा मिनिटं. मग तूप लावलेली ताटली आत ठेवून मंद आचेवर १८ ते २० मिनिटं. नॉनस्टिक कढई यासाठी चालत नाही, रिकामी तापली की तिचा लेप खराब होतो आणि धूर सोडतो. कुकर वापरलात तर झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टी काढलीच पाहिजे.

तळ फिका सोनेरी दिसला की काढा. हाताला मऊ लागेल आणि वाटेल कच्ची राहिली. कच्ची नसते, गार होताना खुटखुटीत होते. त्या मऊपणाला फसून आणखी पाच मिनिटं ठेवणाऱ्यांची नानकटाई खालून करपते. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. पंधरा दिवस छान राहते.

बाळंतिणीला डिंकाचे किंवा अळीवाचे लाडू न्यायचे असतील तर आधी विचारा. गरोदरपणात मधुमेह झाला असेल तर डॉक्टरांनी गुळाला हात आखडता घ्यायला सांगितलेलं असतं. अळीवाच्या लाडवात ओलं खोबरं असतं, त्यामुळे ते थोडे करा आणि फ्रिजमध्ये ठेवायला सांगा.

१०. बांधाबांध

चकचकीत डबा नको. दुहेरी दुपटं पसरा, त्यात सगळं रचून गाठोडं बांधा, वर कुंची. आत चिठ्ठी: कपडे धुतलेले आहेत, कुठल्या महिन्यापर्यंत होतील, खण वेगळा धुवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत पॅक करू नका, पावसाळ्यात दमट वास धरतं. खायचा डबा वेगळ्या पिशवीत, नाहीतर मलमलीला तुपाचे डाग पडतात.

परदेशी पाठवायचं असेल तर गोधडी चपटी घडी करून तळाला, तिला वजन फार नसतं. तूप-दुधाच्या पदार्थांचे नियम देशागणिक वेगळे आहेत. ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी खाण्याच्या वस्तू विमानतळावर जाहीर कराव्या लागतात आणि त्या आत जातीलच असं नाही. तिकडे कपडेच पाठवा आणि नानकटाईचं प्रमाण फोनवर सांगा. केलेली नानकटाई इथेच राहिली तर तिचं काय करायचं, हे आमच्या घरात अजून कुणाला विचारावं लागलेलं नाही.